तेल चौथें कीं पांचवें ?

संस्कृत भाषेंत 'स्नेह' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक तेल आणि दुसरा माया. वर्गांत हा शब्द आला म्हणजे दोन्ही अर्थ फळ्यावर लिहून आम्ही मुलांस विचारीत असूं कीं, ह्या दोहोंत साम्य काय ? एखादा चुणचुणीत मुलगा उत्तर देई, "गुरुजी, दोन्हींमुळें घर्षण कमी होतें !" आणि सारा वर्ग हंसे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अंगास तेल लावण्याचे गुण सांगतांना गाडीच्या आंसाचा दृष्टान्त दिलेला आहे. वंगणानें आंस जसा बळकट व कष्ट सोसणारा होतो, तसें अभ्यंगानें शरीर होतें, असा त्याचा आशय. हा दृष्टान्त आम्हीं तीस-पस्तीस वर्षें शिकविला. परंतु कोणत्या आंसास कोणतें तेल, हा प्रश्न आम्हांस कधीं सुचला नाहीं. आणि तो न सुचल्याचा दंड सेवानिवृत्तीनंतर भरावा लागला. ती हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे. ज्यांच्या घरीं मालवाहू गाडी नाहीं, आणि बहुतेक वाचकांच्या घरीं ती नसणारच, त्यांसही तींतून कांहीं घेण्यासारखें आहे असें आम्हांस वाटतें.

आमचा एक भाचा आहे. गिरगांवांतील चाळींत आमच्या डोळ्यांदेखत तो वाढला. नोकरींत मन रमेना म्हणून त्यानें बँकेचें कर्ज काढून एक जुना ट्रक विकत घेतला आणि पुणें जिल्ह्यांतून दादरच्या फूलबाजारांत झेंडू, शेवंती, गुलाब आणण्याचा धंदा सुरू केला. आमच्या घराण्यांत हा धंदा पूर्वीं कोणीं केला नव्हता. त्यामुळें प्रथम नाकें मुरडलीं गेलीं. परंतु पोरगा पहाटे चारच्या आंत माल उतरवून, घरीं येऊन, स्नान करून आठ वाजतां आईच्या हातचा चहा घ्यावयास हजर असे, हें पाहून तीं पुन्हां सरळ झालीं. फुलांचा व्यापार मोठा निष्ठुर. भल्या पहाटे ज्या फुलास भाव, तेंच दुपारीं उकिरड्यावर जातें. गाडी दोन तास उशिरा आली कीं त्या खेपेची कमाई बुडालीच म्हणून समजावें.

एके दिवशीं त्याचा एका दुकानांतून दूरध्वनि आला. "मामा, गिअरबॉक्सचें तेल बदलायचें आहे. गाडीच्या पुस्तकांत जी. एल. चार लिहिलें आहे. दुकानदार म्हणतो, चार कशाला, पांच घेऊन जा. तें वरच्या दर्जाचें आहे. पैशांतही फारसा फरक नाहीं. काय करूं ?"

ज्यास गिअर म्हणजे काय हें नीट ठाऊक नाहीं त्यानें "मला ठाऊक नाहीं" एवढेंच म्हणावयाचें. पण ज्यानें आयुष्यभर उत्तरेंच दिलीं त्याच्या तोंडीं हें वाक्य सहसा येत नाहीं. आम्हीं म्हटलें, "अरे, चौथींतल्या मुलास जें येतें तें पांचवींतल्यास येतेंच. पांच घे." भाच्यानें पांच घेतलें. मामांनीं सांगितलें, एवढा आधार त्यास पुरेसा होता.

सात-आठ महिने कांहीं झालें नाहीं. पुढें पुढें खालचा गिअर टाकतांना खरखर ऐकूं येऊं लागली. गाडी जुनी, तेव्हां असें व्हावयाचेंच, असें भाच्यास वाटलें. पावसाळ्याच्या तोंडीं एका रात्रीं भरलेली गाडी घेऊन तो खंडाळ्याचा घाट उतरत होता. घाट उतरतांना गाडी खालच्या गिअरमध्यें ठेवावी, म्हणजे इंजिनच तिला आवरून धरतें व सारा भार ब्रेकवर पडत नाहीं, हा चालकांचा पहिला धडा. उताराच्या आरंभींच त्यानें चौथ्यांतून तिसऱ्यांत येण्यासाठीं दांडा ओढला. चौथा सुटला, पण तिसरा पडेना. दोनदां, तीनदां प्रयत्न केला. नुसती करकर झाली. गाडी कोणत्याच गिअरमध्यें नाहीं, मागें मालाचा रेटा, पुढें काळोख आणि वळण ! दैव बलवत्तर म्हणून रस्ता थोडा रुंद झाला तेथें त्यानें ब्रेक दाबून धरून गाडी डोंगराच्या कडेस लावली. चाकांतून धूर निघत होता. त्या रात्रींचीं फुलें तेथेंच सुकलीं. पण पोरगा घरीं आला, ही ईश्वराची कृपा.

गाडी ओढून परळास आणली. परळ, लालबाग, शिवडी ह्या भागास मोटारीची विद्या नवी नाहीं. शिवडीस १९२८ सालींच जनरल मोटर्स ह्या अमेरिकन कंपनीनें मोटारी व मालवाहू गाड्या जोडण्याचा कारखाना उघडला होता. तो कारखाना केव्हांच बंद झाला. पण ह्या भागांतील गल्ल्यांतून पाना चालविणारे हात अजून आहेत. ज्या मिस्त्रींकडे आम्ही गेलों ते साठीच्या घरांतले, मूळचे मालवणकडील. त्यांचे वडील परळच्या एका गिरणींत यंत्रांस तेल घालण्याच्या कामावर होते. १९८२ च्या संपानंतर ती गिरणी पुन्हां नीट उभी राहिलीच नाहीं, आणि मुलानें गॅरेजची वाट धरली.

मिस्त्रींनीं पेटी उघडली, आंतील एक पितळी कडें पुसून आमच्या तळहातावर ठेवलें आणि विचारलें, "गुरुजी, ह्याच्या आंतल्या अंगास बोट लावून बघा. काय लागतें ?"

"गुळगुळीत लागतें."

"तेंच दुखणें. नव्या कड्यास बारीक आटे असतात, ते बोटाला खरखरीत लागतात. हें झिजलें, काळवंडलें. पेटींत तेल कोणतें घातलें होतें ?"

भाचा आमच्याकडे पाहूं लागला. पण बोलला नाहीं. त्याचें तें न बोलणें आम्हांस अधिक लागलें. आम्हींच सारी हकीकत सांगितली. चौथींतल्या व पांचवींतल्या मुलाचा दृष्टान्तही सांगितला. मिस्त्री हंसले नाहींत. म्हणाले, "पांच नंबरचें तेल वाईट नाहीं, गुरुजी. तें मागच्या हौसिंगचें. जोडा कितीही भारी किंमतीचा असला तरी तो कोणी डोक्यावर घालीत नाहीं. आमचे वडील सांगत, गिरणींत चातीला पाण्यासारखें पातळ तेल आणि मोठ्या दांत्यांच्या चाकांना दाट तेल. चातीचें चाकाला गेलें किंवा चाकाचें चातीला गेलें, तर दोन्ही रडतात."

एवढ्या चार वाक्यांत जें होतें तें आम्हीं पुढें पुस्तकें वाचून व मिस्त्रींस विचारून नीट समजून घेतलें. तें वाचकांपुढें थोडक्यांत ठेवितों.

इंजिनची शक्ति चाकांपर्यंत पोंचेतों वाटेंत दोन ठिकाणीं दांत्यांचीं चाकें लागतात. पहिलें ठिकाण गिअरबॉक्स. येथें लहान-मोठ्या चाकांच्या जोड्या असतात; चढावर कोणती जोडी चालवावयाची आणि सपाटीवर कोणती, हें चालक दांड्यानें ठरवितो. दुसरें ठिकाण मागच्या आंसाच्या मधोमध असलेला फुगीर गोळा, त्यास गाडीवाले हौसिंग म्हणतात. येथें शक्ति काटकोनांत वळते व दोन्ही चाकांस वाटली जाते.

आतां ह्या दोहोंचीं दुखणीं निराळीं. १९२६ सालीं अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें आपल्या मोटारींत हौसिंगमध्यें एक नव्या घडणीचीं चाकें बसविलीं. त्यांस हायपॉइड म्हणतात. त्यांतील लहान चाकाचा मध्य मोठ्या चाकाच्या मध्याच्या खालीं असतो. त्यामुळें दांते एकमेकांवर नुसते टेकत नाहींत, तर मोठ्या दाबाखालीं घसरत जातात. साधें तेल अशा दाबांत पिळून निघतें व पोलादावर पोलाद घासूं लागतें. म्हणून तेलांत गंधक व फॉस्फरस ह्यांचीं संयुगें मिसळतात. दांते तापले कीं हीं संयुगें पोलादाशीं संयोग पावून त्यावर एक अत्यंत पातळ थर निर्माण करितात. झीज व्हावयाची ती त्या थराची होते, दांत्याची होत नाहीं. गिअर तेलाचा डबा उघडतांच जो उग्र दर्प येतो तो ह्या गंधकाचा.

गिअरबॉक्सची गोष्ट दुसरी. पूर्वीं गिअर बदलतांना क्लच दोनदां दाबून, इंजिनचा वेग कानानें ओळखून दांते जुळवावे लागत. १९२८ सालीं कॅडिलॅक मोटारींत प्रथम अशी योजना आली कीं, दांते एकमेकांत शिरण्यापूर्वीं एक कडें चाकाच्या निमुळत्या भागावर घांसतें, त्या घर्षणानें दोहोंचे वेग सारखे होतात, आणि मग दांते न कुरकुरतां बसतात. हेंच तें पितळी कडें. येथें एक मौज ध्यानांत घ्यावी. साऱ्या पेटींत घर्षण नको म्हणून तेल घालावयाचें, आणि ह्या एका कड्यावर मात्र घर्षण हवें ! तेल फार निसरडें झालें तर कडें पकड घेत नाहीं. शिवाय गंधक पोलादाचें रक्षण करतो, पण तांब्याशीं त्याचें वैर आहे. चांदी-तांब्याचीं भांडीं काळीं कां पडतात, हें आपल्या घरांतील स्त्रियांस सांगावयास नको. पितळ म्हणजे तांबें आणि जस्त. तेव्हां गंधकाचा भार वाढला आणि पेटी तापली कीं कडें काळवंडतें व झिजतें.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट ह्या संस्थेनें गिअरच्या तेलांचे जे वर्ग पाडले त्यांत जी. एल. ४ मध्यें हीं संयुगें मध्यम प्रमाणांत असतात, जी. एल. ५ मध्यें तीं साधारणपणें दुप्पट असतात, कारण तें मुख्यतः हायपॉइड चाकांसाठीं आहे. म्हणजे चार आणि पांच ह्या इयत्ता नव्हेत; ते दोन निराळ्या कामांचे निराळे अधिकारी आहेत. चारचें तेल हौसिंगमध्यें घातलें तर तेथील दांते खरवडले जाण्याची भीति, आणि पांचचें तेल पितळी कड्यांच्या पेटींत घातलें तर आमच्या भाच्याची गत. ह्यास अपवाद आहेत. आजच्या कांहीं तेलांत तांब्यास बाधणारा गुण पुष्कळ कमी केलेला असतो, आणि कांहीं तेलें दोन्ही कामांस चालतील असें त्यांचे निर्माते लिहून देतात. कांहीं पेट्यांतील कडीं पितळेचीं नसतात. कांहीं मोठ्या ट्रकांच्या पेटींत तर इंजिनचें तेल घालावें असें सांगितलेलें असतें. मग सामान्य माणसानें काय करावें ?

आपल्या शास्त्रांत ह्याचा निर्णय झालेला आहे. श्रुति आणि स्मृति ह्यांचा विरोध आला तर श्रुति प्रमाण. स्मृति आणि लोकाचार ह्यांचा विरोध आला तर स्मृति प्रमाण. गाडीच्या निर्मात्यानें दिलेलें पुस्तक ही येथें श्रुति. अनुभवी मिस्त्रीचा शब्द ही स्मृति. दुकानदाराचा आग्रह हा लोकाचार. आम्हीं लोकाचारास श्रुतीच्या वर बसविलें, आणि तेंही श्रुति हातांत उघडी असतांना !

दुसरा घोटाळा दाटपणाच्या आंकड्यांचा. डब्यावर ८०-डब्ल्यू-९० किंवा ८५-डब्ल्यू-१४० असें लिहिलेलें असतें. डब्ल्यू हें अक्षर हिवाळ्याचें. त्याच्या अलीकडचा आंकडा थंडींत तेल कितपत वाहतें तें सांगतो, व पलीकडचा आंकडा तेल तापल्यावर त्याचा दाटपणा किती राहतो तें सांगतो. ८० डब्ल्यूची परीक्षा उणे २६ अंशांवर घेतात. तशी थंडी लडाखांत पडेल, लालबागेंत नाहीं. म्हणून मुंबईच्या गाडीस पलीकडचा आंकडा अधिक महत्त्वाचा. हे आंकडे इंजिन तेलाच्या आंकड्यांशीं ताडून पाहूं नयेत. मोजपट्टी निराळी आहे. गिअरचें ९० नंबरचें तेल दाटपणांत इंजिनच्या ४० किंवा ५० नंबरच्या तेलाजवळ येतें. दाट तेल म्हणजे अधिक रक्षण, हीही एक समजूतच. पुस्तकांत ९० असतां १४० घातलें तर गिअर जड पडतो, शक्ति वायां जाते, आणि झिजलेल्या दांत्यांचा आवाज मात्र दबतो. जुनी गाडी विकत घेणारानें हें विशेष लक्षांत ठेवावें. मुकी पेटी निरोगी असतेच असें नाहीं.

आतां तेल बदलण्याची रीत. मिस्त्रींनीं ती आमच्यासमोर करून दाखविली, आणि आम्हीं ती वहींत उतरवून घेतली.

गाडी थोडी चालवून आणावी, म्हणजे तेल कोमट व पातळ होऊन गाळासकट निघतें. मग ती सपाट जागीं उभी करून चाकांस दगड लावावे. पेटीच्या कुशीस तेल भरण्याचें भोंक असतें, तें बंद करणारा बोल्ट प्रथम सोडावा, तळाचा नंतर. ह्या क्रमास कारण आहे. तळाचा सोडून तेल वाहून गेलें आणि वरचा गंजून बसलेला निघेना, तर गाडी कोरड्या पेटीनें अडकून पडते. तळाच्या बोल्टास बहुधा लोहचुंबक असतो. त्यावर काजळासारखी मऊ भुकटी चिकटलेली असली तर ती नित्याची झीज समजावी. टिकल्या किंवा दांत्यांचे तुकडे निघाले तर पेटी उघडल्यावांचून गत्यंतर नाहीं. तेलांत पिवळी चमक दिसली तर पितळी कडीं झिजत आहेत असें जाणावें. आमच्या भाच्यानें मधून एकदां जरी तळाचा बोल्ट काढून पाहिला असता तरी ती चमक त्यास दिसली असती.

बोल्ट पुसून, नवा वायसर घालून घट्ट करावा आणि नवें तेल वरच्या भोंकाच्या कांठापर्यंत भरावें. तें कांठावरून ओघळूं लागलें कीं थांबावें. ह्याहून अधिक कोंबूं नये. अधिक तेल घुसळून फेंसाळतें, तापतें, आणि सील फोडून क्लचवर गेलें तर दुसरें दुखणें उभें राहतें. निरनिराळ्या जातींचीं तेलें एकांत एक मिसळूं नयेत.

बदलण्याची मुदत पुस्तकांत किलोमीटरांत दिलेली असते, ती पाळावी. परंतु मुंबईकरांस तीस एक पुरवणी जोडली पाहिजे. पावसाळ्यांत हिंदमात्यास पाणी तुंबतें हें परळ-दादरच्या लहान मुलासही ठाऊक आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझास एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां तर साऱ्या शहराचाच हिंदमाता झाला होता. तापलेली पेटी अशा पाण्यांत बुडाली कीं आंतली हवा थंड होऊन आकसते, आणि पेटीस हवा खेळण्यासाठीं जी बारीक नळी असते तिच्यांतून पाणी आंत ओढलें जातें. तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें तर किलोमीटर मोजीत न बसतां तें तत्काळ बदलावें.

काढलेल्या जुन्या तेलाचें काय करावें, हेंही सांगितलें पाहिजे. गटारांत तें ओतूं नये. आमच्या गिरगांवचें पावसाळी गटार समुद्रास मिळतें, आणि त्याच समुद्रास आपण श्रावणांत नारळ वाहतों. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांप्रमाणें वापरलेलें वंगणतेल घातक कचऱ्यांत मोडतें. तें झांकणाच्या डब्यांत सांठवून, शुद्ध करण्याचा परवाना असलेल्या व्यावसायिकापर्यंत पोंचेल अशी व्यवस्था करावी. बरीं गॅरेजें ती करितात. आपण विचारलें म्हणजे अधिक नीट करितात.

भाच्याची गाडी तीन आठवडे परळास उभी होती. कडीं नवीं, एक चाक नवें, मजुरी, शिवाय बुडालेल्या खेपा. आणि बँकेचा हप्ता कांहीं त्या तीन आठवड्यांत थांबला नाहीं. आम्हीं आमच्या निवृत्तिवेतनांतून अर्धा खर्च देऊं केला. भाचा म्हणाला, "मामा, तेल मीं घातलें. पुस्तक माझ्या हातांत होतें." आम्हीं म्हटलें, "आणि उत्तर आमचें होतें." बहिणीनें मध्यें पडून आम्हां दोघांसही गप्प केलें व पैसे घ्यावयास लाविले.

विद्यार्थ्यानें चुकीचें उत्तर लिहिलें तर त्याचे गुण जातात. शिक्षकानें चुकीचें उत्तर दिलें तर दुसऱ्याचें नुकसान होतें, आणि तें त्यास बहुधा कळतही नाहीं. आम्हांस कळलें, हें आम्ही आमचें भाग्य समजतों. इतक्या वर्षांत अशीं किती उत्तरें आमच्या तोंडून गेलीं असतील, कोणास ठाऊक ! घरांत वडीलधारें माणूस असलें कीं मुलें विश्वासानें विचारतात. औषधाविषयीं, कर्जाविषयीं, मुलीच्या स्थळाविषयीं. त्यांच्या त्या विश्वासास उत्तर देणें हें आपलें कर्तव्य खरें. पण जें ठाऊक नाहीं तें ठाऊक नाहीं म्हणणें हेंही उत्तरच आहे, हें आम्हांस साठी उलटल्यावर समजलें.

गेल्या महिन्यांत पुन्हां भाच्याचा दूरध्वनि आला. "मामा, हौसिंगचें तेल बदलायचें आहे. ९० घालूं कीं १४० ?"

आम्हीं म्हटलें, "मला ठाऊक नाहीं. पुस्तक उघड आणि वाच."

पलीकडून पानें चाळल्याचा आवाज आला. मग त्यानें वाचून दाखविलें, आणि आम्हीं ऐकून घेतलें.